तिच्या नावावरचा माझा तुकडा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही, आणि आई तर आता राहिलीच नाही. देवासमोर बसते तेव्हासुद्धा मी या गोष्टीच्या बाजूने निघून जाते. रस्त्यात काही मेलेलं पडलेलं दिसलं की माणूस पदर सावरून कडेने जातो ना, तसं. तेरा वर्षं झाली. आज तुम्हाला का सांगते आहे? ते मलाही नीट माहीत नाही.

कुठून सुरू करू? कामापासून करते. कामाबद्दल बोलताना माझा आवाज स्थिर असतो.

मी भद्रावतीची. वडील कारखान्यात होते, मी तिथल्या कॉलनीत वाढले, रोज एसटीने चंद्रपूरला कॉलेजला जायचे. पुढे नागपूरच्या एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीवर लागले. साध्या सूक्ष्मदर्शीत पेशी दिसते. आमच्या यंत्रात त्या पेशीच्या आतली भांडीकुंडी दिसतात. शरीरातला तिळाएवढा तुकडा घ्यायचा, औषधात घालून काळा करायचा, रेझिनमध्ये ओतून दगडासारखा कडक करायचा आणि मग हिऱ्याच्या सुरीने त्याचे काप काढायचे. काप इतके पातळ की पाण्यावर तरंगताना ते नुसते रुपेरी चकाकीसारखे दिसतात. श्वास जोरात सोडला तर उडून जातात. ते तांब्याच्या टिकलीएवढ्या जाळीवर उचलायचे आणि यंत्रात सरकवायचे. खोलीत पूर्ण अंधार लागतो. बाहेर दुपारचं रणरणतं ऊन असलं तरी आत काळोख, पंपाची घरघर, आणि समोरच्या काचेवर हिरवट उजेडात कोणाच्या तरी शरीराचं आतलं.

मला ते काम फार आवडायचं. अजूनही आवडतं. हे वाईट आहे का?

आमचे सर तंतुकणिकांवर काम करत. शाळेत शिकलो आपण — पेशीचं ऊर्जाघर. लांबट, शेंगदाण्यासारख्या, आत घड्याघड्यांच्या भिंती. त्यांची एक गंमत आहे. गंमत म्हणते आहे, पण याच गमतीने सगळं घडलं. या तंतुकणिका माणसाला फक्त आईकडून मिळतात. बापाच्या येत नाहीत. आईच्या आईकडून आईला, आईकडून आपल्याला. मी नोकरीला लागले तेव्हा हे ऐकून मला छान वाटलं होतं. माझी आई घरात कोणाच्या खिजगणतीत नसायची. पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसलेली, चाळिशीपासूनच डोळ्यांच्या पापण्या जड झालेली. सगळे म्हणायचे, ही बसल्या बसल्या झोपते. तिचं काहीतरी माझ्यात आहे, जे दुसऱ्या कोणाचं नाही — असं मला वाटलं होतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तलावाकाठच्या गावातून सरांना निरोप आला. ढिवरांची वस्ती, तलावातली मासोळी आणि थोडं धान यांच्यावर जगणारी. तिथे एक नऊ वर्षांची मुलगी होती, पौर्णिमा. तिच्या अंगात ताकद नव्हती. सकाळी थोडी चालायची, दुपारपर्यंत गळून जायची. पापण्या तर उघडतच नसत. कोणी आलं की ती हनुवटी वर करायची, मान मागे टाकायची आणि त्या फटीतून बघायची. आम्ही अंगणात गेलो तेव्हा ती अशीच बसली होती. मान मागे, चेहरा आभाळाकडे, आणि बुबुळं मात्र खाली, आमच्यावर. मी नजर वळवली. सरांना लक्षणं तंतुकणिकांच्या आजाराची वाटली. स्नायूचा तुकडा हवा होता.

तिची आजी आडवी आली. "पोट्टीले कापू देणार नाई. आधीच तिच्या आंगात काही राह्यलं नाई."

तेव्हा तिची आई पुढे आली. कौसल्या. माझ्याहून एखाद्या वर्षाने मोठी असेल. हात ओले होते, मासोळी साफ करता करता उठून आली होती. म्हणाली, "मंग माहं घ्या. मायचं घेतलं तं चालते ना?"

चालतं, सर म्हणाले. आजार आईकडून आला असेल तर खूण आईतही सापडेल.

"किती घेता?" तिने मला विचारलं.

"तिळाएवढं."

"त्याच्यात काय दिसन?"

"आतलं सगळं दिसतं," मी म्हटलं.

"आतलं म्हंजे? मनातलं?"

मी हसले. तीही हसली. तालुक्याच्या दवाखान्यात तिच्या मांडीतून तुकडा घेतला, मी तो बर्फाच्या डब्यात घातला आणि मांडीवर डबा धरून नागपूरला आणला.

आता पुढचं ऐका. तुलनेसाठी एक निरोगी तुकडा लागतो. त्याच वयाच्या, कसलाही त्रास नसलेल्या बाईचा. सरांनी विचारलं, कोण देईल? मी हात वर केला. कौतुक हवं होतं मला, दुसरं काही नाही. टेबलावर पडले, सुई टोचली, मांडीतून तीळभर माझं गेलं. दोन्ही तुकडे मीच काळे केले, मीच ओतले. कौसल्याचा चार नंबर, माझा पाच. सरांचा नियम होता की बघणाऱ्याला नावं माहीत नसावीत, म्हणून त्यांच्यापुढे फक्त नंबर जायचे. कोणता नंबर कोणाचा, हे माझ्या वहीत. पक्की वही अजून भरायची होती. एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं.

सर दिल्लीला गेले होते. दुपारची वेळ. मी एकटीच खोलीत होते. आधी पाच नंबर घातला, स्वतःचा. कोणाला मोह होणार नाही? स्वतःला इतकं आतून बघायला किती जणांना मिळतं?

काचेवर हिरवा उजेड आला. स्नायूचे पट्टे दिसले, सुंदर, सरळ. मग पट्ट्यांच्या कडेला त्या दिसल्या. तंतुकणिका. शेंगदाण्यासारख्या नाहीत, फुगलेल्या. इतक्या की एकीवर एक चढलेल्या. आणि त्यांच्या पोटात विटा. काळ्या, चौकोनी, ओळीने रचलेल्या विटा, जणू कोणी आत बसून भिंत बांधत होतं. पुस्तकात हे चित्र मी शंभरदा बघितलं होतं. आजाराची खूण म्हणून छापलेलं असतं ते.

नंबर चुकला असेल म्हणून जाळी बाहेर काढली. बघितलं, पाचच. परत घातली. मी खुर्चीत अगदी स्थिर बसले होते. पण मला वाटलं, की तिकडून कोणीतरी मला बघतं आहे. यंत्राच्या त्या बाजूने. मी हलले तर तेही हलेल. हसू नका. त्या अंधारात, त्या घरघरीत, स्वतःच्याच मांडीतली ती बांधाबांध बघताना मला माझी आई आठवली. तिच्या पापण्या. ती कधीच झोपत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ती जागीच असायची.

मग चार नंबर घातला. कौसल्याचा. कितीतरी वेळ शोधत राहिले, एकेक चौकट सरकवत. काही नव्हतं. स्वच्छ. तंतुकणिका अशा की शाळेच्या पुस्तकात छापाव्यात.

माझं लग्न ठरलेलं होतं. पत्रिका छापायला गेल्या होत्या. मुलगा चंद्रपूरचा, शिक्षक, चांगला माणूस. त्याच्या आईने बोलणीच्या वेळी सहज विचारलं होतं, घरात कोणाला काही आजारपण? आणि माझी आई म्हणाली होती, देवाच्या दयेने काही नाही.

तुम्हाला वाटत असेल मी रात्रभर तळमळले असेन, मग काहीतरी ठरवलं असेल. नाही. दहा मिनिटंही लागली नाहीत. दिवा लावला, पक्की वही उघडली आणि पेनने लिहिलं — चार : निरोगी, आणि पुढे माझं नाव. पाच : रुग्णाची आई, आणि पुढे तिचं. खाडाखोड नाही. खोडायला आधी काही लिहिलेलंच नव्हतं. चिठ्ठी फाडून बेसिनमध्ये सोडली. आणि मनाला म्हटलं, तिची मुलगी आजारी आहेच ना? म्हणजे तिच्यातही असणारच. या कापात आलं नाही इतकंच. मी खोटं लिहीत नाहीये, मी फक्त आधी लिहितेय. असं म्हटलं मी मनाला. मनाला पटलंही.

सर परत आले, पाच नंबर बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. इतकं स्पष्ट उदाहरण त्यांना आजवर मिळालं नव्हतं. माझी पाठ थोपटली. मोठा फोटो काढायला सांगितला. मीच काढला.

आता ते सांगते, जे मला खरं सांगायचं आहे. वही म्हणजे कागद. कागदावर काय, कोणीही काहीही लिहितो. पण महिन्याभराने आम्ही त्या गावी गेलो. सरांना घरच्यांना समजावून सांगायचं होतं. मनाने ते फार चांगले होते, लोकांना अंधारात ठेवू नये असं त्यांचं मत. अंगणात बाजेवर त्यांनी तो फोटो पसरला. विटांवर बोट ठेवलं. सांगितलं की हा आजार आईकडून लेकरांत येतो, यावर औषध नाही, मुलीला जपा.

म्हातारी फोटोवर वाकली. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आमच्या घरातलं नव्हतं. इनंच आणलं."

"तसं नाही आजी. यात तिचा काही दोष नाही."

"दोष कोण म्हणून राह्यलं? पण आलं कुठून, ते तं तुमीच सांगतलं."

कौसल्याचा नवरा भिंतीशी बसून जाळं सांधत होता. त्याने मान वर केली. "दुसरं लेकरू झालं तं त्यालेबी होईन का?"

"शक्यता आहे," सर म्हणाले.

त्याने जाळ्यात परत बोटं घातली. पण सांधत नव्हता, नुसती बोटं घातलेली.

कौसल्याने फोटोला हात लावला नाही. तिने माझ्याकडे बघितलं. सरांकडे नाही, माझ्याकडे. डबा मांडीवर धरून नेणारी मीच होते ना. तिने विचारलं, "बाई, हे माह्या आंगातलं हाये?"

मी म्हटलं, "हो."

बस. हे एक अक्षर. माझा गुन्हा म्हणजे ती वही नाही, हे अक्षर आहे. तिने मला विचारलं होतं. सगळ्यांसमोर, इतक्या सरळ. आणि पौर्णिमा तिच्या मागे मान वर करून त्या फटीतून माझ्याकडे बघत होती.

पुढचं मला गावच्या आशाताईकडून अधूनमधून कळत गेलं. ती तपासणीच्या कागदांसाठी फोन करायची. नवऱ्याने वर्षभरात दुसरी केली. भांडण नाही, मारहाण नाही — घराला लेकरू पाहिजे होतं आणि कौसल्याकडून नको होतं. ती पोरीला घेऊन भावाकडे आली, तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, एक खोली घालून राहिली. 'तिच्या आंगात हाये' — एवढेच शब्द गावात फिरले. कशात काय आहे हे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून ते शब्द अजूनच फिरले. बाया आपली लेकरं तिच्यापासून बाजूला घ्यायच्या. हळदीला, ओटीला तिला कोणी बोलवायचं नाही. ती मासोळी विकायला बसली की लोक शेजारणीकडून घ्यायचे. तुम्ही या भागातले असाल तर असं बोलणं कुठवर जाऊ शकतं हे तुम्हाला सांगायला नको. चेटकीण ठरवून मारण्यापर्यंत गेलं नाही. जाऊ शकलं असतं. मी ते ऐकायचे, हो हो म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

माझं लग्न झालं. मुलगी झाली. झाली म्हणजे — मी होऊ दिली. काय येऊ शकतं हे माहीत असून. ती आता अकरा वर्षांची आहे. सकाळी ती उठते तेव्हा मी आधी तिच्या पापण्या बघते, मग तिच्याशी बोलते. तिला वाटतं, आई प्रेमाने बघते.

दोन वर्षांपूर्वी संस्थेत फोन आला. जंगलातल्या एका दवाखान्यात नवीन आलेली डॉक्टर होती, तरुण आवाज. पौर्णिमा तिच्याकडे आली होती. ती म्हणाली, मॅडम, मला हा तंतुकणिकांचा आजार वाटत नाही. सकाळी बरी, दुपारी गळते — नस आणि स्नायू यांच्या सांध्यातला बिघाड वाटतो. त्याला गोळ्या आहेत, साध्या, स्वस्त. पण तुमचा जुना अहवाल आडवा येतोय. सगळ्यांनी तोच वाचून तपास थांबवला आहे. नमुना बदलला गेला असेल, असं होऊ शकतं का?

किती सोपं करून दिलं होतं तिने. बदलला गेला असेल — कोणी बदलला असंही नाही. मला फक्त म्हणायचं होतं, होऊ शकतं.

मी म्हटलं, थांबा, वही बघते. वही काढली नाही. खुर्चीतच बसून मनात वीसपर्यंत मोजलं. मग सांगितलं, "नोंद बरोबर आहे. दोन्ही आजार असू शकतात."

त्या डॉक्टर मुलीने माझं ऐकलं नाही. गोळ्या सुरू केल्या. आशाताईचा फोन आला तेव्हा ती बोलतच सुटली होती. पौर्णिमाने डोळे उघडले. पाळीवरून चालत बाजारात गेली. मी फोन ठेवला आणि मोजलं. नऊ वर्षांची होती, वीस झाली होती. अकरा वर्षं ती त्या फटीतून बघत राहिली. गोळी तेव्हाही होती.

गेल्या हिवाळ्यात मी गेले. घरी सांगितलं, आईच्या नात्यातल्या एकीकडे जाते. सांगायचंच असं ठरवून गेले होते. बसमध्ये वाक्यं जुळवत होते. एसटीतून उतरून पाळीवरून चालले. दुपार होती, धानाची कापणी होऊन गेलेली, तलाव अगदी निपचित. पौर्णिमा दारात उभी होती. मोठे, काळे डोळे, पूर्ण उघडे, मान सरळ. तिने मला ओळखलं. म्हणाली, "फोटोवाली बाई आली, माय."

आत गेले आणि मला तो दिसला. भिंतीवर. सर तो त्या दिवशी बाजेवरच ठेवून आले होते, मला माहीत नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, खिळ्याला टांगलेला. त्यावर कुंकवाची बोटं, थरावर थर. खाली लिंबू, थोडे तांदूळ. विटांच्या जागी कुंकू इतकं जाड झालं होतं की खाली काय आहे ते दिसत नव्हतं. पण मला दिसत होतं. मी एका नजरेत माझं ओळखलं.

कौसल्या थकली होती. केस पांढरे. पण खूश होती. माझ्यासाठी चटई टाकली. मी फोटोकडे बघते आहे हे तिने बघितलं.

"सोबत घेऊन आली होती मी त्याले. माह्याच आंगातलं, टाकन कुठी?" ती म्हणाली. "आवसेच्या आवसेले कुंकू लावत गेली. म्हटलं, मले खाय, पोट्टीले सोड."

मी चटईची एक सुटलेली काडी बोटाने आत दाबली.

"त्याच्यात एक बाई हाये," ती म्हणाली. साध्या आवाजात, जसं कोणी शेजारणीबद्दल सांगावं. "सपनात येते. आधी लई यायची. पाठ करून बसते. तोंड कधी दाखोत नाई. म्या किती डाव इचारलं, कोण हायेस व तू, माह्या आंगात काऊन बसली? सांगत नाई."

"मग?"

"मंग काई नाई. बसून राह्यते. तिलेच भेव वाटत असन, असं वाटे मले." ती थोडं हसली. "पण तिनं आयकलं बाई. सोडलं पोट्टीले. तुमी तो फोटो काढला म्हणून तं समजलं मले, कोणाले हात जोडाचे ते."

मी तिच्यासमोर होते. हातभर अंतरावर. ती माझ्याकडे बघत होती, माझं तोंड तिला दिसत होतं. वाक्यं सगळी तयार होती. मी तोंड उघडलंसुद्धा.

तिने विचारलं, "जेवता ना?"

मी म्हटलं, "हो."

भात होता, झिंग्यांचा रस्सा होता. पौर्णिमाने वाढलं. मी पोटभर जेवले. दुसऱ्यांदा भात घेतला. निघताना कौसल्याने सुक्या मासोळीची पुडी बांधून माझ्या पिशवीत घातली आणि पाळीपर्यंत सोडायला आली.

ती पुडी मी घरी आणली. दुसऱ्या दिवशी भाजली, कांदा घातला. मी, नवरा आणि मुलगी, तिघांनी खाल्ली.